हात दहा, उकड एकच

चारकोप नाक्यावरच्या अथर्व अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा कांदिवली-बोरिवलीच्या दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये आज निदान चार कोअर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र काम करू शकणारे चार प्रोसेसर, तरी असतात. त्याने लिहिलेला साधा प्रोग्राम मात्र त्यातल्या एकावरच चालतो. बाकीचे नुसते बसून. त्यांना कामाला लावणं म्हणजे समांतर संगणन, आणि महासंगणकाचं शिक्षण सुरू होतं ते इथूनच.

वाटणी वाटते तितकी सोपी नसते. मोदक वळायला दहा जण बसले तर काम झटपट उरकतं. पण उकड काढायला एकच जण लागतो, आणि वाफ यायची तेव्हाच येते. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये याचाच हिशेब मांडला. कामाचा ९५ टक्के भाग वाटता आला आणि ५ टक्के एकामागून एक असाच करावा लागला, तर हजारो प्रोसेसर जोडूनही वेग वीसपटीपलीकडे जात नाही. त्या पाच टक्क्यांचे तीन करणारा माणूस म्हणूनच नव्या यंत्राइतका मोलाचा.

यंत्रांची आपल्याकडे वानवा नव्हती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. अमेरिकेने क्रे संगणक देताना हात आखडल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. २००७ मध्ये पुण्यातलाच टाटांचा ‘एका’ जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत चौथा होता. आज पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला ‘अर्का’ ११.७७ पेटाफ्लॉप्सचा आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं.

एवढी ताकद कशाला? २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकटींवर पावसाचा अंदाज काढते. आधी ती चौकट बारा किलोमीटरची होती. बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. शिवाय हिशेबातलं काळाचं पाऊलही लहान करावं लागतं, त्यामुळे काम साधारण आठपट वाढतं. आणि एवढं करून चारकोप, कांदिवली स्टेशन आणि त्यांच्यामधली सगळी वस्ती एकाच चौकटीत!

मग हे शिकवलं कुठे जातं? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला ‘हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंग’ हा सक्तीचा विषय आहे. प्रात्यक्षिकांत ओपनएमपी हे समांतर प्रोग्रामिंगचं साधन वापरून बबल सॉर्ट आणि मर्ज सॉर्ट या क्रम लावण्याच्या पद्धती समांतर करायच्या, ग्राफिक्स प्रोसेसरसाठीच्या कुडामध्ये मॅट्रिक्सचा गुणाकार करायचा. मुंबई विद्यापीठाने २०१६ च्या अभ्यासक्रमात हाच विषय आठव्या सत्रात ऐच्छिक ठेवला होता. सक्ती बरी, पण बबल सॉर्ट समांतर केला म्हणून मान्सून कळत नाही. खरी अडचण वेगळीच आहे: विषय संगणकाच्या शाखेत आणि गरज मात्र रसायन, हवामान, खगोल, स्थापत्य यांना. आपल्या समीकरणातला कुठला भाग तोडता येईल, हे ज्याचं समीकरण त्यालाच आधी कळतं.

पुणे विद्यापीठाने ही फट २००३ मध्येच ओळखली आणि मॉडेलिंग व सिम्युलेशनचं केंद्र काढलं. तिथे विज्ञानाचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी एकाच वर्गात गणित, संख्यात्मक पद्धती आणि प्रोग्रामिंग शिकतात. सी-डॅकचा महासंगणकाची यंत्रणा सांभाळण्यावर भर देणारा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे. २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत ४,५०० कोटींच्या योजनेबरोबर प्रशिक्षणाची जबाबदारी आयआयटी खरगपूर, मद्रास, पालक्काड आणि गोवा यांच्याकडे गेली. मराठी मुलांना त्यातलं गोवाच काय ते जवळचं.

चारकोपकरांना त्याहून जवळ आहे ती पवई. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरवर वैज्ञानिक संगणन शिकवलं जातं. पायथन, सायलॅब, प्रवाहांच्या गणितासाठी ओपनफोम. त्यातलं पायथनचं काम उभं केलेले प्रभू रामचंद्रन एरोस्पेसचे प्राध्यापक. जोडीला ‘स्पोकन ट्युटोरियल’ ही व्हिडिओ-धड्यांची मालिका उभी करणारे कन्नन मौद्गल्य रासायनिक अभियांत्रिकीचे. दोघेही संगणक विभागाचे नाहीत, हा योगायोग वाटत नाही. ट्युटोरियल छोटी असतात, बऱ्याच विषयांची मराठीतही मिळतात. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला आपला प्रोग्राम ठेवून शिकायचं, त्यासाठी लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकायची गरज नाही.

‘टेक्स्टबुक कम्पॅनियन’ ही फॉसीची योजना तर अगदी आपल्या परीक्षा-पद्धतीला साजेशी. विद्यार्थी आपल्याच अभ्यासातलं एखादं पुस्तक निवडतो, त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब किंवा पायथनमध्ये लिहून काढतो. तपासणीत ती उतरली की सर्वांसाठी खुली होतात आणि त्याला मानधन मिळतं. फॉसीच्या उन्हाळी फेलोशिपसाठीही गुणपत्रिका बघत नाहीत. एक काम देतात आणि ते करून दाखवणाऱ्याला घेतात.