नकाशातील स्थिर बिंदू

साकोलीतील एखाद्या शाळेच्या पटांगणावर साकोली तालुक्याचा नकाशा सपाट पसरा. दिशा कोणतीही चालेल. आता नकाशावरचा एक बिंदू असा असतो, की तो जमिनीवरील जी जागा दाखवतो, नेमका त्याच जागेवर टेकलेला असतो. आणि असा बिंदू एकच असतो!

हे कसे? नकाशाचे प्रमाण १:५०,००० असेल, तर जमिनीवरील १ किलोमीटर कागदावर २ सेंटिमीटर होतो. या नकाशातल्या पटांगणावर हाच नकाशा पुन्हा काढला, तर ते २ सेंटिमीटर आणखी पन्नास हजार पटींनी आकसतील. असे करीत गेल्यास अखेर एकच बिंदू उरतो. तोच ‘स्थिर बिंदू’. प्रत्येक पायरीला सर्व अंतरे ठरावीक प्रमाणात आकसत असतील, तर सुरुवात कोठूनही करा, आपण एकाच स्थिर बिंदूकडे जातो, असे पोलिश गणिती स्टेफान बानाख यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले. पडताळा पाहा: कोणतीही संख्या निम्मी करून तीत १ मिळवा. १० पासून ६, ४, ३, २.५ असे करीत आपण २ कडेच सरकतो.

पण अंतर नक्की ठाऊक नसेल तर? साकोलीहून लाखनीला जायला लागणारा वेळ हेच अंतर मानू. तो रोज सारखा नसतो. म्हणून ‘अर्ध्या तासाच्या आत पोचण्याची संभाव्यता किती?’ असे विचारावे लागते. अंतराच्या जागी अशी संभाव्यता घेण्याची कल्पना कार्ल मेंगर यांनी १९४२ मध्ये मांडली. येथे आकसणे म्हणजे, दोन बिंदू जवळ असण्याची संभाव्यता पायरीगणिक वाढणे. योग्य अटी पाळल्या, तर येथेही स्थिर बिंदू मिळतो, हे सेहगल व भरुचा-रीड यांनी १९७२ मध्ये दाखवले.

पुढे २००८ मध्ये यात्सेक याखिम्स्की यांनी बिंदू रेषांनी जोडले. अशा जाळ्याला गणितात ‘आलेख’ म्हणतात. आता सर्व अंतरे आकसण्याची गरज नाही. रेषेने जोडलेल्या बिंदूंमधली आकसली की पुरे. मात्र जाळे तुटलेले नसावे. समजा, धन संख्या निम्मी करून १ मिळवला, ऋण संख्या निम्मी करून १ वजा केला आणि दोन्ही गटांत एकही रेषा जोडली नाही. मग स्थिर बिंदू दोन होतात: २ आणि –२. म्हणजे आकसण्यामुळे उत्तर मिळते, पण ते एकमेव ठरते जोडलेपणामुळे.

आता तुम्ही करून पाहा: संख्या दुप्पट करून १ वजा करा. स्थिर बिंदू १ आहे, पण १.१ पासून निघालात, तर तेथे पोचाल का?