कार्ड हाती आले, पण बाळंतीण सुरक्षित झाली का?

आयुष्मान कार्ड काढले की कुठल्याही खासगी दवाखान्यात बाळंतपण फुकट होते, हा गैरसमज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती अशी, की २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र ते योजनेतल्या रुग्णालयांपुरते आणि ठरवून दिलेल्या उपचारांपुरतेच असते. बाळंतपणाचा मूळ हक्क २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सारे त्यात मोफत आहे. त्यासाठी विम्याचे कार्ड लागत नाही.

दवाखान्यात प्रसूती झाली की धोका टळला, हा दुसरा गैरसमज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार दवाखान्यातल्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधल्या सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्क्यांवर गेले, आणि त्याच सुमाराच्या काळात देशातले मातामृत्यूही निम्म्याहून अधिक घटले. ही कमाई मोठी आहे. पण २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात किमान चार वेळा तपासणी झालेल्या माता ५८ टक्केच होत्या आणि निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. विमा मुख्यतः दाखल झाल्यानंतरचे बिल भरतो. सातव्या महिन्यात वाढलेला रक्तदाब मात्र उपकेंद्रात दंडाला पट्टा बांधूनच कळतो. हिमोग्लोबिन सात झालेल्या बाईला बाळंतपणात नेहमीपेक्षा थोडा जास्त रक्तस्रावही झेपत नाही. म्हणून नुसती कार्डे वाटून मातामृत्यू रोखता येणार नाहीत. तपासणीपासून उपचारापर्यंतची साखळी अखंड हवी.

मग सरकारने विम्याचे पैसे भरून सगळ्यांना खासगीत का पाठवू नये, असे काही जण विचारतात. याच सर्वेक्षणात सिझेरियनचे प्रमाण सरकारी रुग्णालयांत सुमारे १४ टक्के, तर खासगीत ४७ टक्के होते. खासगीत काही गुंतागुंतीच्या केसेस अधिक येत असतील, हे मान्य. पण एवढी तफावत केवळ त्याने समजावून सांगता येत नाही. उलट, सरकारीत सारे मोफत आहे तर विमा हवाच कशाला, हा आक्षेपही टिकत नाही. सरकारी प्रसूतीतही पदरचे सरासरी २,९१६ रुपये गेले, असे हेच सर्वेक्षण सांगते. झटके, जंतुसंसर्ग किंवा मूत्रपिंड निकामी होणे अशा वेळी अतिदक्षता विभाग लागतो आणि तालुक्याच्या रुग्णालयात तो असतोच असे नाही. तिथे विम्याचे संरक्षण घराला कर्जापासून वाचवते.

सरकारी सेवेला विमा हा पर्याय नव्हे, तो तिचा आधार आहे. घरात कुणी गरोदर असेल तर आशाताईंकडे पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा, दर महिन्याच्या ९ तारखेच्या मोफत तपासणीला तिला न्या, आणि जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे याची चौकशी कळा सुरू होण्याआधीच करून ठेवा.