नवा गुडघा पुरेल ना?

घुग्घुसला आमच्या शेजारी राहणाऱ्या आजी सत्तरी उलटलेल्या. परवा त्यांनी विचारले, "मास्तर, नवा गुडघा मला पुरेल ना?"

प्रश्न बिनतोड! ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, पुढल्या जूनमध्ये उजवा. तेव्हा नवलाई होती. आता पाव शतकाचा हिशेब हाती आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकातील २०१९ च्या पाहणीनुसार शंभरांतले सुमारे ८२ सांधे पंचवीस वर्षे टिकतात. खरी मेख वयात आहे. ब्रिटनमधल्या २०१७ च्या अभ्यासात, सत्तरीनंतर गुडघा बदलणाऱ्यांपैकी शंभरांत सुमारे पाचांवरच पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येते. नुकतीच पन्नाशी गाठलेल्या पुरुषांत मात्र पस्तिसांवर! धातूच्या दोन भागांमधले प्लॅस्टिक वर्षानुवर्षे झिजते, सांधा हाडातून सैल होऊ लागतो. आणि पन्नाशीतल्या माणसाला अजून पुष्कळ चालायचे असते.

म्हणजे आजींना पुरण्यासारखा आहे. मात्र मांडी घालणे, उकिडवे बसणे बहुधा सुटते, हेही सांगावे लागले.

आजी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पंगतीत खुर्चीवर बसेन हो. पण देवापुढे?"