कलर मॉड्युलेशन : प्रतिकृतीवर प्रकाश रंगवण्याचे तंत्र

बेंगळुरूच्या एचएएल विमान संग्रहालयात ‘मारुत’ (एचएफ-२४) हे लढाऊ विमान ठेवलेले आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली ते एचएएलमध्ये घडले आणि १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. उन्हात पाहिले की त्याच्या पाठीचा उजळपणा, पोटाखालची सावली आणि मध्यभागी निमुळते होणारे धड लगेच नजरेत भरते. मात्र त्याची १:७२ प्रमाणातली प्रतिकृती एकाच रंगात रंगवली, तर ती खेळण्यासारखी सपाट दिसते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे या पाठात पाहू.

कारण

सूर्य आपल्याला आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्यामुळे उन्हातल्या सावल्या ठळक असतात. खोलीतली चार फुटी ट्यूब दोन मीटर अंतरावरून सुमारे ३३ अंश व्यापते. शिवाय भिंतींवरूनही उजेड परततो. मूळ मारुतची लांबी १५.८७ मीटर, तर प्रतिकृतीची सुमारे २२ सेंटिमीटर. म्हणजे इथे दिवाच वस्तूपेक्षा मोठा आहे. उजेड अनेक दिशांनी येऊन सावल्या पुसून टाकतो. हरवलेला हा छायाप्रकाश रंगानेच परत आणणे म्हणजे कलर मॉड्युलेशन.

कृती

१. प्रकाशाची दिशा आधी ठरवा, बहुधा वरून. ती शेवटपर्यंत बदलू नका.
२. प्रायमर वाळल्यावर मूळ रंगाची गडद छटा खालच्या व आतल्या भागांवर एअरब्रशने मारा.
३. मधल्या भागांवर मूळ रंग पातळ थरांत द्या.
४. वर वळलेल्या भागांवर उजळ छटा द्या. हिरवा उजळ करताना नुसता पांढरा मिसळला की रंग खडूसारखा फिका पडतो. थोडा पिवळा किंवा बदामी मिसळून पाहा.
५. पंखाचा वरचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो. तिथे प्रत्येक पत्रा स्वतंत्र धरून त्याचा मधला भाग किंचित उजळ ठेवा.
६. शेवटी मूळ रंगाचा अतिशय पातळ थर सगळीकडे द्या. त्याने छटा एकमेकींत मिसळतात.

दोन सावधगिऱ्या

मॉड्युलेशन म्हणजे झीज नव्हे. धूळ, तेलाचे डाग, उडालेला रंग हे काम यानंतरचे. दुसरे, हात आखडता ठेवा. हातभर अंतरावरून आधी विमानाचा आकार दिसायला हवा. आधी रंगाचे पट्टे दिसले, तर फरक जास्त झाला आहे.

स्वाध्याय

संग्रहालयातल्या एखाद्या विमानाचे उन्हात छायाचित्र घ्या आणि ते कृष्णधवल करा. पाठ, कूस आणि पोट यांच्या छटांमधला फरक नोंदवा. नंतर तुमच्या प्रतिकृतीचे खोलीतल्या उजेडात तसेच छायाचित्र घेऊन तुलना करा. कोणत्या भागात फरक कमी पडतो, तिथूनच पुढचे काम सुरू करा.