अंगणातला गुलखैरा : बी जागच्या जागीच टोका

पाऊस ओसरला की अंगणात हॉलिहॉकचं बी टाकून बघा. हिंदीत याला गुलखैरा म्हणतात. झाड भेंडी-कपाशीच्या कुळातलं. फूल पाहताच ते ओळखू येईल. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच-सहा फुटांचा दांडा खालून वर फुलत जातो.

बहुतेकांचं चुकतं ते रोप उपटून लावताना. याचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि ते दुखावलं की रोप मान टाकतं. म्हणून उन्हाच्या भिंतीकडेला दीड-दोन फुटांवर दोन-दोन बिया जागीच टोका, वर माती अगदी पातळ. रोपच करायचं असेल तर पिशवीत करा आणि चार पानांवर असतानाच मातीसकट लावा. शेणखत बेतानं; नाहीतर नुसता पाला माजतो!

पानाखाली नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. ती पानं खुडून जाळा, पाणी बुडाशीच द्या.

कपाशीवाल्यांनी मात्र जपून. पिठ्या ढेकूण आणि लाल ढेकूण याही झाडावर येतात. कपाशी निघाल्यावर घराजवळचं झाड त्यांना आसरा देतं. त्यामुळे शेताच्या बांधाला हे लावूच नका. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आवारात लावाल तर आठवड्याला कोणीतरी पानं उलटून बघावीत.

वाळक्या बोंडात बिया गोल चकतीसारख्या बसलेल्या असतात. मधमाश्यांमुळे रंगांची सरमिसळ होते, म्हणून एक रंग टिकवायचा असेल तर तेवढीच झाडं ठेवा. बी सावलीत सुकवून कागदी पाकिटात भरा, वर साल लिहा.