पहिली बंदूक कोणती घ्यावी?

नाताळच्या सुट्टीत माझा पुतण्या कॅनडाहून घरी आला होता. नोकरीच्या निमित्ताने तो ऑन्टारियो प्रांतात राहतो आणि तेथील सोबत्यांच्या संगतीने त्याला शिकारीची गोडी लागली आहे. एके रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने विचारले, "काका, ससा, बदक, रानटर्की आणि हरीण, या सर्वांना पुरेल अशी एकच बंदूक घ्यायची तर कोणती घ्यावी? की पणजोबांची दुनळीच घेऊन जाऊ?" शाळामास्तराला असा प्रश्न विचारण्याचे कारण एवढेच की, खानापूरकडच्या आमच्या घरी माझ्या आजोबांची बारा बोअरची दुनळी अजून आहे. शेतीच्या रक्षणासाठी तिचा परवाना चालू ठेवलेला आहे आणि दर निवडणुकीला ती नेमाने पोलीस ठाण्यात मुक्कामाला जाऊन येते.

श्रोतेहो, पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात हौसेच्या शिकारीचे दिवस संपले आहेत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही गेले. आता पिकांची नासाडी करणारे जनावर मारायचे, तरी सरकारी हुकूम लागतो. तेव्हा मी जे सांगणार आहे ते पुतण्याच्या देशापुरते आहे. तेथेही सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा दिल्यावाचून बंदुकीचा परवाना हाती पडत नाही, आणि शिकारीचा परवाना त्याहून निराळा.

माझे उत्तर होते : बारा बोअर. हा आकडा नळीच्या रुंदीचा नव्हे, वजनाचा आहे. एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारीक, सुमारे १५.६ मिलिमीटर. अंकगणिताच्या तासाला व्यस्त प्रमाण शिकविताना मी हे उदाहरण मुद्दाम देतो. दुपारच्या तासालाही मुले जागी राहतात.

रायफलीच्या नळीत आतून पीळ असतात; ती एकच गोळी फिरवीत दूरवर नेते. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिचा सारा गुण याच गोष्टीत आहे. तिच्यात काय भरावे हे काडतूस ठरवते. त्या देशातील मापाचे साडेसात नंबरचे शिशाचे छर्रे घेतले, तर औंसात सुमारे ३५० मावतात. उडत्या लहान पक्ष्यासाठी असा दाट सडा हवा. चार नंबरचे घेतले तर औंसाला सुमारे १३५ च, पण प्रत्येक छर्रा जड आणि आत शिरणारा, तो टर्कीसाठी. हरणासाठी छर्रे मुळीच नकोत. तेथे औंसभर वजनाची एकच गोळी भरलेले काडतूस मिळते, त्यास स्लग म्हणतात. दक्षिण ऑन्टारियोच्या बऱ्याच भागांत हरणाच्या हंगामात रायफल चालतच नाही, तेव्हा तेथे हाच मार्ग उरतो. नवशिक्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सहा नंबरचा छर्रा फार तर अडीचशे यार्डांवर जाऊन पडतो. चुकलेली रायफलीची गोळी मैल न् मैल जाते आणि तिच्या वाटेत कोण उभे आहे हे मारणाऱ्यास दिसतही नसते.

नळीच्या तोंडाशी आतील व्यास थोडा आवळलेला असतो, त्यास चोक म्हणतात. तोटी दाबून धरली म्हणजे पाण्याची धार जशी लांबवर एकवटते, तसे चोकमुळे छर्रे एकवटतात. अगदी घट्ट चोकमध्येही हा आवळ जेमतेम एक मिलिमीटरचा. पण त्याचा परिणाम पाहा. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढले, तर घट्ट चोकच्या नळीचे शंभरांतील सुमारे सत्तर छर्रे त्यात पडतात, सरळ नळीचे सुमारे चाळीस. आजोबांच्या बंदुकीची उजवी नळी सैल आणि डावी घट्ट, आणि ती जन्मभर तशीच. आजच्या बंदुकींना चोकचे तुकडे आटे फिरवून बदलता येतात. सकाळी सशासाठी सैल, संध्याकाळी टर्कीसाठी घट्ट.

पणजोबांची बंदूक नेऊ नकोस, असे मी पुतण्याला सांगितले ते याच एका कारणासाठी नव्हे. तिचे काडतुसाचे घर अडीच इंची आहे. आजची काडतुसे पावणेतीन इंच व त्याहून लांब असतात. असे लांब काडतूस त्या घरात बसते, हीच पंचाईत! बार उडताच त्याचे तोंड उलगडते, त्यास पुरती जागा मिळत नाही, आणि नळीतील दाब भलताच वाढतो. शिवाय बदकांच्या शिकारीत शिशाच्या छर्र्यांना अमेरिकेत १९९१ पासून आणि कॅनडात १९९९ पासून देशभर बंदी आहे. पाणथळीत पडलेले छर्रे बदके खडे समजून गिळतात, पोटातील पेषणीत ते झिजतात आणि पक्षी विषबाधेने झुरून मरतो. त्यास खाणारा गरुडही सुटत नाही. म्हणून तेथे पोलादाचे छर्रे वापरतात. पोलाद शिशाहून पुष्कळच हलके, तेव्हा छर्रा दोन नंबरांनी मोठा घ्यावा लागतो. आणि ते कठीण असल्यामुळे जुन्या नळीचा घट्ट चोक फुगवून टाकते.

आता चाळीस यार्डांविषयी. आमच्या वडिलांनी लहानपणी पाहिलेली हकीकत आहे, कायदा होण्यापूर्वीची. आजोबा माचाणावर बसले होते. चांदण्यात सांबर गवतात आले, पण लांबच थांबले, सत्तर-ऐंशी पावलांवर. नळीत एल.जी.चे काडतूस होते. त्यात सहा-आठच मोठे छर्रे असतात आणि इतक्या अंतरावर ते असे पांगतात की जनावराला एखादाच लागावा. तो लागला. सांबर धडपडले आणि निघून गेले. दिवसभर माग काढला, रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत मिळाले आणि संपले. तिसऱ्या दिवशी गिधाडे उतरली तेव्हा जागा कळली. वडील म्हणत की आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे त्यांनी माचाणापासून चाळीस पावलांवर चुना लावलेला एक दगड पुरला आणि त्याच्या पलीकडे कधी बार टाकला नाही. माचाण केव्हाच मोडले. दगड अजून आहे, त्याचा चुना मात्र गेला. पुतण्याला मी तो नेऊन दाखविला.

सर्व शिकारींना चालणारी बंदूक चालते ती त्या दगडाच्या अलीकडे. स्लग असला तरी साध्या माशीच्या नळीतून पन्नास यार्डांच्या पुढे नवशिक्याने जाऊ नये. मूस नावाचे घोड्याएवढे सांबर तेथील उत्तरेत असते. त्याच्यासाठी रायफलच हवी. त्याची चिंता पहिल्या बंदुकीच्या वेळी कशाला?

दुनळी की पंप, यावर जाणते लोक तासन् तास वाद घालतात. पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस चढविण्याची जी बंदूक, तिला पंप म्हणतात. रेमिंग्टन ८७० ही त्यांतील प्रसिद्ध बंदूक १९५० पासून बनते आहे आणि आजवर एक कोटीहून अधिक खपली आहे. ती दुनळीहून स्वस्त पडते आणि तिची नळी उतरवून हरणासाठी पीळदार नळी बसविता येते. दुनळीचा डौल तिला नाही, हे मी कबूल करतो. पण उघडताच दोन्ही नळ्या रिकाम्या दिसण्याचा दुनळीचा गुण लहान नव्हे. पंपवाल्याने घर उघडून बोटाने चाचपून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

दुकानात मात्र नावापेक्षा दस्ता पाहावा. दुकानदाराला विचारून, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर नळीवरून सरळ माशीवर गेली तर दस्ता आपल्या बेताचा. मान वाकवावी लागली किंवा माशी दिसलीच नाही, तर दुसरी मागावी. आमचा पुतण्या अंगाने किरकोळ आहे. त्याच्या खांद्याला स्लगचा धक्का सोसवेना, तर वीस बोअर घेण्यात कमीपणा नाही.

परत गेल्यावर त्याचे पत्र आले. बंदूक अजून घेतलेली नाही. मित्राची पंप मागून तो चांदमारीच्या मैदानावर गेला, चाळीस यार्डांवर मोठा कागद लावला, तीस इंची वर्तुळ काढले आणि तीन निरनिराळ्या चोकमधून पाच-पाच बार काढून छर्र्यांची भोके मोजत बसला. आकडे त्याने लिहून पाठविले आहेत. सैल चोकच्या कागदावर एका बाजूला थाळीएवढी जागा अगदी कोरी राहिली, त्याचे कारण तो मला विचारतो आहे.