रविवारच्या चकोल्या

मुलांनो, रविवारी सकाळी आईनं हाक मारली, "कणीक संपली रे!" तर तुम्ही काय करता? पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात पळता. उरलेल्या पैशांची गोळीही तोंडात टाकता! पण जर्मनीत असं पळून भागत नाही, बरं का. तिथं रविवारी बाजार बंद. रविवार हा विश्रांतीचा दिवस, असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहून ठेवलंय. स्टेशनात नि पेट्रोल पंपावर थोडीफार दुकानं उघडी असतात. पण तिथं आपली कणीक कुठली मिळायला!

हे ज्ञान मला फजिती होऊनच मिळालं. माझी धाकटी बहीण श्टुटगार्टला राहते. (हे शहर १९६८ पासून आपल्या मुंबईचं मैत्री-शहर आहे.) मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. आमचे भाचेबुवा दहा वर्षांचे, तिथल्या चौथीत. शाळेत एकदा कुणीतरी त्याच्या डब्यातल्या भाजीचा वास येताच नाक दाबलं होतं. तेव्हापासून डब्यात फक्त पाव. घरी मित्र बोलवायचे नाहीत. बहीण हे मला हसत हसत सांगत होती, पण हातातली भांडी जरा जोरातच ठेवत होती.

आणि त्या रविवारी पहिल्यांदाच त्याचा एक मित्र जेवायला येणार होता! आमचा बेत श्रीखंड-पुरीचा. भाचेबुवांचं मात्र एकच टुमणं, "मावशी, पिझ्झाच मागवूया ना गं."

शनिवारी सकाळी आधी जिना झाडला. तुम्ही म्हणाल, पाहुणीला कामाला लावलं? अहो, तिथं इमारतीतल्या घरांना आठवडा वाटून दिलेला असतो. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि त्यानं जिना लख्ख करायचा. मी झाडत असताना समोरच्या आजी दारात उभ्या राहून पाहत होत्या. कोपरा राहिला का, हेच बघत असाव्यात! मला त्यांची भाषा येईना, त्यांना माझी. मग मी कोपरा पुन्हा झाडला, तेव्हा त्या हसल्या.

मग आम्ही निघालो दातेरी रेल्वेत बसायला. श्टुटगार्ट वसलंय खोलगट वाडग्यासारख्या दरीत. चारी बाजूंना उतार, त्यांवर द्राक्षमळे आणि घरं. एका उतारावर १८८४ पासून ही गाडी चालते. दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते आणि गाडीखालचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर चढतं. दोन किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरात गाडी तब्बल २०० मीटर वर जाते! गंमत म्हणजे गाडीच्या पुढं एक उघडा डबा असतो, फक्त सायकलींसाठी. मुलं सायकल त्यात ठेवून ऐटीत वर जातात नि उतारावरून सुसाट खाली येतात. वर गेल्यावर जंगलात भटकलो, डब्यातल्या दशम्या खाल्ल्या, आणि परतायला इतका उशीर झाला, की आपल्याकडचं सामान मिळणारं दुकान बंद झालेलं.

रविवारी डब्यात कणीक निघाली दोन मुठी! बहिणीनं आजींचं दार वाजवलं. त्यांनी पीठ दिलं, पण ते भरडसर, त्यांच्याकडच्या 'श्पेट्झले' नावाच्या पदार्थाचं. दोन्ही पिठं मिसळून पुऱ्या तळल्या, तर पापडासारख्या कडक. भाचेबुवांचा चेहरा पडला. बहीण गप्प झाली. दीड तासात पाहुणा येणार!

मग मी पदर खोचला. तूरडाळ शिजत लावली. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी, गोडा मसाला, चिंच-गूळ घालून पातळसर आमटी उकळली. उरलेल्या पिठाच्या पोळ्या लाटल्या, त्यांचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून आमटीत सोडले. ओळखलंत ना? चकोल्या! कुणी ह्यांना वरणफळं म्हणतं.

मित्र आला. पिठाबद्दल आभार म्हणून आजींनाही बोलावलं होतं. मुलानं वाडग्यात डोकावून पाहिलं. भाचेबुवांनी श्वास रोखून धरला होता, मीसुद्धा! पोरानं एक घास घेतला नि ओरडला, "लिन्झन मिट श्पेट्झले!"

म्हणजे मसूर आणि श्पेट्झले. त्या भागातलं हे अगदी घरोघरचं जेवण. अंडं घालून भिजवलेलं सैलसर पीठ ओल्या फळीवर घ्यायचं, सुरीनं त्याच्या बारीक पट्ट्या उकळत्या पाण्यात पाडायच्या, आणि शिजलेल्या मसुरीबरोबर खायच्या. आंबटपणाला आपली चिंच, तर त्यांचा व्हिनेगर. जोडीला ते सॉसेज घेतात, एवढाच काय तो फरक.

मग आजींची कळी खुलली. भाचेबुवा भराभर मराठीत सांगू लागले. शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात पूर्वी पुष्कळ मसूर पिकायची. मसुरीचं रोप नाजूक, म्हणून आधाराला शेतात ओट किंवा सातू पेरतात. (आपण तुरीच्या ओळींत ज्वारी घेतो, तसं काहीसं.) पुढं हे पीक परवडेना, शेतकऱ्यांनी सोडून दिलं, आणि जुनं बियाणंही हरवलं. ते सापडलं कुठं, माहीत आहे? थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे-संग्रहालयात, २००६ साली! आता ती मसूर पुन्हा त्याच डोंगरांत पिकते.

मित्रानं तीनदा वाढून घेतलं. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि भाचेबुवा अडले. जर्मन भाषेत प्रत्येक नामाला लिंग असतं. 'डेर', 'डी', 'डास', म्हणजे आपलं तो, ती, ते. त्याला घरी जाऊन आईला सांगायचं होतं.

"मावशी, चकोली तो, ती की ते?"

"ती चकोली," मी म्हटलं.

"डी चकोली!" भाचेबुवांनी मित्राला ऐटीत सांगितलं, आणि आपला वाडगाही पुढं केला.